परदेशी सैनिक अटकेत: प्रकरणाची टिपणवही कशी ठेवावी

एका देशाने दुसऱ्या देशाचे सैनिक पकडले की पहिले दोन दिवस बातम्यांचा पूर येतो, आणि मग आठवडेच्या आठवडे काहीच हाती लागत नाही. तुम्ही वार्ताहर असा, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असा किंवा पकडलेल्यांपैकी कुणाचे नातेवाईक, प्रकरण समजून घ्यायचं तर त्याची वेगळी वही घालावी. ती कशी घालायची हे इथे मुख्यतः मालीच्या प्रकरणावरून सांगितलं आहे. १० जुलै २०२२ला मालीची राजधानी बामाकोच्या विमानतळावर आयव्हरी कोस्टचे ४९ सैनिक पकडले गेले आणि ७ जानेवारी २०२३ला त्यातले शेवटचे परत गेले. अशा प्रकरणांत जे जे घडतं, ते जवळजवळ सगळं या सहा महिन्यांत घडलं.

पहिलं पान: कोण काय म्हणतं

पानाचे तीन भाग करा: पकडणारा देश, पाठवणारा देश आणि तिसरा पक्ष. पकडलेल्यांसाठी प्रत्येकाने वापरलेला शब्द जसाच्या तसा, तारखेसह आणि बोलणाऱ्याच्या पदासह लिहा. मालीने त्यांना भाडोत्री सैनिक म्हटलं. आयव्हरी कोस्टचं म्हणणं होतं की ते संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतल्या पथकांना साहाय्य करणाऱ्या तुकडीचे आहेत आणि अशा तुकड्या २०१९पासून येत आहेत.

हा शब्द इतका जपून टिपायचा, कारण कोणता कायदा लागू होणार हे त्यावरून ठरतं. युद्धकैदी म्हटलं तर १९४९चा तिसरा जिनिव्हा करार लागतो. निव्वळ लढाईत भाग घेतला म्हणून खटला भरता येत नाही, आणि लढाई थांबली की विनाविलंब सोडावं लागतं. परदेशी आरोपी म्हटलं तर स्थानिक फौजदारी कायदा आणि वकिलातीशी संपर्काचा हक्क. भाडोत्री म्हटलं तर युद्धकैद्याच्या दर्जावरचा हक्कच जातो, म्हणून हा शब्द पकडणाऱ्याला सोयीचा असतो.

पण तो कसाही चिकटवता येत नाही. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलच्या कलम ४७मध्ये भाडोत्री ठरवायला सहा अटी आहेत आणि त्या सगळ्या एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. संघर्षात नसलेल्या एखाद्या देशाने आपल्या सेनेचा सदस्य म्हणून सरकारी कामावर पाठवलेला माणूस सहाव्या अटीतच बाहेर पडतो. त्यामुळे पाठवणाऱ्या सरकारने ‘हे आमचे सैनिक, आम्हीच पाठवले’ असं जाहीर केलं का, आणि कधी, हे लाल शाईने लिहा. शब्द बदलला तर तेही टिपा. मालीत ऑगस्टमध्ये आरोप ठेवले गेले ते देशाच्या सुरक्षेला बाधा आणल्याचे होते.

दुसरं पान: परवानगी आणि जागा

ते कुणाच्या परवानगीने तिथे होते? करार कोणता, यादी कुणी कुणाला दिली, पत्र कधी पोहोचलं? मालीच्या बाबतीत प्रक्रियेत त्रुटी राहिल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनेही मान्य झालं. वाचणाऱ्यांची घसरगुंडी नेमकी इथे होते. कागद अपुरे निघाले की आरोप खरा वाटायला लागतो. अपुरा कागद म्हणजे प्रवेश अनियमित. त्यावरून सरकार उलथवण्याचा कट सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या ओळींवर हव्यात.

प्रकरण समुद्रावरचं असेल तर अक्षांश-रेखांश मिळवा आणि किनाऱ्यापासूनचं अंतर सागरी मैलांत काढा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १२ मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २४पर्यंत संलग्न क्षेत्र, २००पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी १५ फेब्रुवारी २०१२ला दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या, ती जागा केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर होती. म्हणजे १२च्या बाहेर, २४च्या आत. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ला केरळ राज्याला खटल्याचा अधिकार नाही असं ठरवून प्रकरण केंद्राकडे दिलं. साडेआठ मैलांच्या त्या फरकाने खटल्याची दिशा बदलली. अंतर ‘किनाऱ्याजवळ’ असं मोघम लिहू नका.

तिसरं पान: चार तारखा

पकडलं कधी, मायदेशाला कळवलं कधी, वकिलातीचा अधिकारी पहिल्यांदा भेटला कधी, घरच्यांना पहिलं पत्र किंवा भेट कधी. चारही रकाने रिकामे आखून ठेवा. रिकामा राहिलेला रकानाही पुरावाच असतो.

युद्धकैद्याच्या बाबतीत मुदती ठरलेल्या आहेत. छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी आणि युद्धकैद्यांची माहिती ठेवणाऱ्या मध्यवर्ती शोधसंस्थेला कार्ड पाठवू द्यायचं. पत्रांवर मर्यादा घातली तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला एकांतात भेट देण्याचा अधिकार. इतरांसाठी वकिलातींच्या संबंधांवरच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ आहे. त्यात ‘विनाविलंब’ एवढंच म्हटलं आहे, तासांचा आकडा नाही, आणि त्यावरूनच भांडणं होतात.

सांगलीशी नातं असलेले कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात या चार तारखा फार बोलक्या आहेत. पाकिस्तानने त्यांना पकडल्याची तारीख ३ मार्च २०१६. भारताला कळवलं २५ मार्चला. आई आणि पत्नीची काचेच्या आडून भेट २५ डिसेंबर २०१७ला. भारतीय अधिकाऱ्याची भेट थेट २ सप्टेंबर २०१९ला, तीही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ला १५ विरुद्ध १ मतांनी कलम ३६चा भंग झाल्याचं सांगितल्यावर. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हा हक्क जात नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. मात्र सुटकेचा आदेश दिला नाही. फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. निकाल टिपताना काय मिळालं याच्या शेजारी काय मिळालं नाही तेही लिहा. आणि घरच्यांची भेट म्हणजे वकिलातीची भेट नव्हे. हे रकाने एकत्र करू नका.

चित्रफितींबाबत

जिनिव्हा करार लागू असेल तर कलम १३ कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. कलम १७नुसार नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढंच सांगायला तो बांधील असतो. २७ फेब्रुवारी २०१९ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्या चित्रफिती फिरल्या तेव्हा भारताने जखमी अधिकाऱ्याच्या प्रदर्शनाला याच आधारावर आक्षेप घेतला. चित्रफीत पुढे पाठवू नका. ती कुणी, किती वाजता प्रसिद्ध केली, माणूस जखमी दिसतो का, एवढं लिहा. त्यातला कबुलीजबाब ‘ताब्यात असताना’ असा शेरा मारूनच नोंदवा आणि घटनेचा पुरावा म्हणून कधीच वापरू नका.

मध्यस्थ आणि किंमत

खरी वाटाघाट इथे चालते, म्हणून या विषयाला पानं जास्त सोडा. मध्यस्थ कोण आणि त्याला दोघं का मानतात? मालीच्या प्रकरणात पश्चिम आफ्रिकेतलाच टोगो हा देश मध्ये पडला. ३ सप्टेंबर २०२२ला तीन महिला सैनिक सुटल्या, ४६ उरले. त्याच महिन्यात मालीचे नेते असिमी गोईता यांनी बदल्यात काहीतरी हवं असं उघड सांगितलं: आयव्हरी कोस्टमध्ये आश्रय घेतलेली मालीची माणसं. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने सुटकेसाठी १ जानेवारी २०२३ची मुदत दिली. २२ डिसेंबरला दोन्ही देशांनी समझोत्याच्या कागदावर सह्या केल्या. आणि ३० डिसेंबरला बामाकोच्या न्यायालयाने ४६ जणांना २० वर्षांची, तर सुटून गेलेल्या तीन महिलांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा ठोठावली.

त्या दिवशीचा मथळा एकटा वाचला तर बोलणी फिसकटली असंच वाटतं. पण वहीची दोन पानं मागे उलटली की आठ दिवसांपूर्वीच्या सह्या दिसतात. माफी सहसा शिक्षा झाल्यावरच देतात. आरोप मागे घेतले तर पकडणाऱ्याने चूक कबूल केल्यासारखं होतं. माफी दिली तर मान राहते आणि माणसंही सुटतात. ६ जानेवारीला गोईतांनी सगळ्यांना माफी दिली.

हा नियम मात्र समजू नका. रशियाने २५ नोव्हेंबर २०१८ला केर्चच्या सामुद्रधुनीजवळ पकडलेल्या २४ युक्रेनी खलाशांना सोडण्याचा आदेश सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने २५ मे २०१९ला दिला, पण ते सुटले ७ सप्टेंबरला, कैद्यांच्या अदलाबदलीत. चीनने २००१मध्ये हैनान बेटावर उतरलेल्या विमानातले २४ अमेरिकी अकरा दिवसांनी सोडले, ते पत्रातल्या दिलगिरीच्या शब्दांवर एकमत झाल्यावर. म्हणून ‘किंमत’ या रकान्यात फक्त उघड झालेलं लिहा: माफी, अदलाबदल, पत्र, न्यायालयाचा आदेश. पैसे दिले गेल्याची कुजबुज पेन्सिलने, कंसात.

वही कधी मिटायची

माणसं घरी पोहोचली म्हणून नाही. ‘एन्रिका लेक्सी’ प्रकरणातले इटलीचे नौसैनिक साल्वातोरे जिरोने मे २०१६मध्ये भारतातून गेले. आंतरराष्ट्रीय लवादाचा निर्णय २०२०मध्ये आला: नौसैनिकांवर खटला चालवण्याचा अधिकार भारताला नाही, पण इटलीने भरपाई द्यावी. भारतातला खटला सर्वोच्च न्यायालयाने बंद केला १५ जून २०२१ला, दहा कोटी रुपये जमा झाल्यानंतर: दोन्ही मच्छीमारांच्या वारसांना चार-चार कोटी आणि बोटीच्या मालकाला दोन कोटी. अशा प्रत्येक प्रकरणात ज्यांचा जीव गेला किंवा ज्यांचं नुकसान झालं, त्यांचं पान पहिल्याच दिवशी उघडा. बातम्या सैनिकांच्या मागे धावतात आणि तेच पान कोरं राहतं.