सभासद टिकतो कशाने? बडोद्याजवळच्या गावांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

बडोद्यात समाजकार्य किंवा शेतकी शिकलेली मराठी मुलं-मुली हल्ली शेतकरी उत्पादक कंपन्यांत, म्हणजे शेतकरीच शेअर घेऊन सभासद होतात अशा, सगळे ज्यांना एफपीओ म्हणतात त्या कंपन्यांत, नोकरीला लागतात. कोणी समन्वयक, कोणी लेखापाल, कोणी थेट सीईओ. घर दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात, आणि काम पादरा, डभोई, शिनोर, करजणच्या गावांत किंवा शंभरेक किलोमीटरवरच्या छोटा उदेपूरकडे. मी या कामात बरीच वर्षं आहे. नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण महिन्याभरात मला एकच विचारतो: "सभासद मीटिंगला येत नाहीत, काय करू?"

मी त्यांना उलट विचारते, की या माणसाने कंपनीशी शेवटचा व्यवहार कधी केला? बी घेतलं, खताची गोणी नेली, तूर घातली, तोलकाट्यावर नुसतं वजन करून पाहिलं, काहीही. बहुतेकदा उत्तर असतं की शेअरचे पैसे भरले तेव्हा. मग त्याने बैठकीला कशासाठी यावं? गावातल्या संस्थेत माणूस टिकतो तो तिच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीमुळे आणि त्याने विचारलेल्याला उत्तर मिळतं म्हणून. हजेरी त्यानंतर येते. हे एकदा मनात पक्कं बसलं की रोजच्या कामाचा क्रमच बदलतो.

कंपनी कायद्यानेही हे ओळखलं आहे. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली, तेव्हापासून त्यात सक्रिय सभासदाची वेगळी व्याख्या आहे: नियमावलीत ठरवलेला व्यवहार, ठरवलेल्या काळात करणारा तो सक्रिय. नियमावलीत तशी सोय असेल तर मतदानाचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. तुमच्या कंपनीच्या नियमावलीत सक्रियतेसाठी काय लिहिलं आहे ते पहिल्याच आठवड्यात वाचा. कित्येक ठिकाणी ते कलम कोणीतरी छापील नमुन्यावरून उतरवलेलं असतं आणि संचालकांनाही माहीत नसतं.

शेअर भरून सभासद असे गप्प का बसले तेही समजून घ्या. २०२० साली केंद्राने दहा हजार एफपीओ उभे करण्याची योजना आणली. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद हवेत, कंपनीला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत मदत, आणि सभासदाने भरलेल्या भागभांडवलाइतकंच अनुदान, दर सभासदामागे जास्तीत जास्त २,००० रुपये व कंपनीमागे १५ लाख. योजना चांगली आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण तीनशेचा आकडा गाठण्याच्या घाईत बऱ्याच गावांत शेअरचे पैसे एखाद्या सरकारी फॉर्मच्या फीसारखे गोळा झाले. शेतकऱ्याला वाटलं, काहीतरी सबसिडी येणार आहे. ती आली नाही की तो गप्प बसला. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा यादीतल्या बऱ्याच नावांची ही अवस्था असू शकते. आणि तीन वर्षं संपली की तुमचा पगारही कंपनीच्या धंद्यातूनच निघायचा आहे.

आता जवळच्याच दूध मंडळीकडे, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेकडे, बघा. आपल्या भागात बहुतेक गावांत ती आहे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या दारात रांग लागते. कोणी भाषण देत नाही, कोणी प्रेरणा देत नाही. दूध मापलं, फॅट काढलं, हातात पावती पडली, आणि ठरावीक दिवसांनी पैसे, ज्याला गावात दुधाचा पगारच म्हणतात. सभासद वर्षाला सातशेहून जास्त वेळा संस्थेच्या दारात उभा राहतो. आपल्या कंपनीचा तूर किंवा कपाशी पिकवणारा सभासद वर्षातून एकदा माल विकतो, तोही मनात आलं तर. म्हणून आपलं पहिलं काम हे, की त्याला वर्षभरात कंपनीत यायला लहान लहान कारणं मिळावीत.

लहान म्हणजे खरंच लहान. मॉइश्चर मीटर घ्या. सरकारी खरेदीत कपाशीत ८ टक्के ओलावा धरतात, १२ पर्यंत भाव कापून घेतात, त्यावर माल परत जातो. शेतकरी ट्रॅक्टर भरून मार्केट यार्डात गेल्यावर त्याला हे कळतं आणि तिथे तो अडकतो. तोच मीटर गावात असेल तर तो मूठभर कापूस पिशवीत घेऊन येतो, आकडा बघतो, आणखी दोन दिवस वाळवायचा का ते ठरवतो. यासाठी एक रुपयाही घेऊ नका. तसाच वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा, आणि व्यापाऱ्याला माल देण्याआधी इथे वजन करून जायला सांगा. त्या शेतकऱ्याने माल व्यापाऱ्यालाच दिला तरी चालेल. तो तुमच्या दारात आला, काटा खरा आहे हे त्याने स्वतः पाहिलं, एवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

खताचं वेगळं आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीची ५० किलोची १,३५० ला, हे भाव सरकार ठरवतं, त्यामुळे "आमच्याकडे स्वस्त" असं सांगून कोणी येत नाही. आपण देऊ शकतो ती वेळ. पावसाने उघडीप दिली आणि सगळ्यांना एकदमच युरिया हवा असतो, त्या आठवड्यात गोणी गावात असली पाहिजे, आणि तिच्यासोबत नको असलेलं दुसरं काही गळ्यात मारलेलं नसलं पाहिजे. त्या आठवड्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते: कोणाची किती जमीन, काय पेरलं, किती गोण्या लागतील, याची नोंद. ही नोंद करायला दारोदार जाल तेव्हाच सभासदाशी खरी ओळख होते.

व्यापाऱ्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते, कारण शहरातून आलेल्या मुलांचा इथे फार गोंधळ होतो. सभासदाने माल कंपनीला न देता व्यापाऱ्याला दिला की ती दुखावतात, त्याला बेईमान समजतात. त्या शेतकऱ्याच्या घरी बसा आणि विचारा. मुलीच्या लग्नात, आईच्या दवाखान्यात, रात्री अकराला पैसे कोणी दिले? त्या व्यापाऱ्यानेच दिलेले असतात. त्याचं देणं मालातूनच फिटतं. अशा माणसाकडे सगळा माल मागणं म्हणजे त्याला संकटातला एकमेव आधार तोडायला सांगणं आहे. त्याच्याकडे पाच गोणी मागा. त्या पाच गोणींचे पैसे सांगितलेल्या दिवशी खात्यात जमा करा आणि पावती हातात द्या. पुढल्या हंगामात तो आपणहून जास्त घेऊन येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पैसे उशिरा गेले तर मात्र ती बातमी संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचते, आणि मग वर्षभर तुमचं कोणी ऐकत नाही. उशीर होणारच असेल तर त्या दिवसाच्या आत स्वतः जाऊन सांगा. फोन नको, स्वतः.

आता बैठका. जागा फार महत्त्वाची आहे, आणि नवीन माणसाच्या ती लक्षात येत नाही. एखाद्या प्रमुखाच्या ओट्यावर बैठक ठेवली की त्या फळियातले, म्हणजे त्या वस्तीतले, येतात, बाकीचे रस्त्यावरून बघून पुढे जातात. कोण कोणाच्या अंगणात बसतं आणि कोण उभं राहतं, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. प्राथमिक शाळेचं आवार घ्या. तिथे सगळ्यांची मुलं जातात, तिथे बसायला कोणाला परवानगी लागत नाही. सगळे एकाच सतरंजीवर, संचालकसुद्धा. खुर्च्यांची ओळ मांडायला कोणी उत्साहाने आलं तर प्रेमाने थांबवा. छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या गावांत घरं शेताशेतांत लांबलांब विखुरलेली असतात, तिथे गावाची एक बैठक घेण्यापेक्षा फळियावार लहान बैठका घ्या. दहा माणसं असली तरी दहाही जण बोलतात.

वेळेचंही तसंच. बायकांना बोलवायचं असेल तर दुपारी दोन ते चार, जेवणं उरकल्यावर आणि संध्याकाळच्या धारेआधी. रात्री आठची बैठक म्हणजे फक्त पुरुषांची बैठक. आणि बायकांना बोलवाच, पण नुसतं बोलावू नका, सभासद करा. सात-बारा नवऱ्याच्या नावावर असतो म्हणून त्या राहून जातात. कायद्याने उत्पादक म्हणजे शेतमालाच्या उत्पादनाशी जोडलेलं काम करणारी व्यक्ती, जमिनीचा मालक असण्याची अट त्यात नाही. तुमच्या नियमावलीत ती अट घुसली असेल तर बदलण्याचा ठराव मांडा. ज्या गावांत बायका स्वतःच्या नावाने सभासद झाल्या तिथे हिशोबाचे प्रश्न जास्त नेमके येतात, असा माझा अनुभव आहे.

डोंगराळ भागात दिवाळीनंतर निम्मं गाव मजुरीला बाहेर पडतं, सौराष्ट्रात शेतावर नाहीतर बडोदा-सुरतेत बांधकामावर. ती माणसं होळीला हमखास घरी येतात. होळीच्या आधीचे दोन-तीन दिवस धरून भेटीगाठी घ्या. सणाच्या दिवशी मात्र कामाचं बोलू नका, बोलावलं तर नुसतं जा.

वार्षिक सभा बहुतेक कंपन्या सप्टेंबरपर्यंत उरकतात. चौदा दिवस आधी नोटीस लागते, आणि नियमावलीत जास्त संख्या लिहिलेली नसेल तर एक चतुर्थांश सभासदांचा कोरम. म्हणजे ६०० सभासद असतील तर १५० माणसं. सह्या नंतर घरोघरी फिरून गोळा करायचा मोह होईल, वरूनही तसं सुचवलं जाईल. करू नका. ज्याने न बघता सही केली त्याला त्याच क्षणी कळतं की आपल्या येण्या-न येण्याने काही अडत नाही, आणि तो पुन्हा कधीच येत नाही.

सभेत ताळेबंद वाचून दाखवायचा असतो. सनदी लेखापालाच्या भाषेत वाचलात तर लोक चहाची वाट बघत बसतात. आकडे गोणीमागे सांगा. तुरीच्या एका क्विंटलला काय भाव आला, त्यातून हमाली किती, वाहतूक किती, बारदान किती, कंपनीकडे किती राहिले आणि ते कुठे गेले. सांगून झालं की थांबा, गप्प राहा. पहिला प्रश्न यायला वेळ लागतो. तो बहुधा किरकोळ खर्चाचा असतो, चहा-नाश्ता, गाडीचं डिझेल. तो प्रश्न मनापासून घ्या, व्हाउचर काढून दाखवा. त्या प्रश्नाला कोणी हसलं तर मोठा प्रश्न कधीच येणार नाही.

माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक साधी जाड वही. प्रत्येक बैठकीत आलेला प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, त्याच्यासमोर लिहायचा. पुढची बैठक सुरू होते ती या वहीने: मागच्या वेळी अमुक बेनने विचारलं होतं की बियाणं उगवलं नाही त्याचं काय झालं, त्याचं उत्तर हे. उत्तर "बियाणं कंपनीने नकार दिला" असं असलं तरी वाचायचं. आपलं नाव आणि आपला प्रश्न सगळ्यांसमोर वाचला जातो हे कळल्यावर ती बाई पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन येते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल थोडक्यात. रोज एक, मिनिटभराचा, गुजरातीतला आवाजी संदेश: बोडेलीत कपाशी काय भावाने गेली, पादऱ्यात भाजीचे काय भाव होते, पाऊस, आणि कंपनीत आज काय आलं. शुभेच्छांची चित्रं नकोत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी दर फळियात एक माणूस ठरवा, जो तोंडी सांगेल.

आपल्याला या कामाची परंपरा आहे हेही बडोदेकरांनी जाणून असावं. सहकारी पतसंस्थांचा कायदा इंग्रज सरकारने १९०४ साली केला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली होती, देशातल्या पहिल्या अशा संस्थांपैकी ती एक. शिकायचं असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा घरचीच आहे, आणि आणंदला ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी १९७९ पासूनची इर्मा ही संस्था, जिच्या पायावर २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. पण पदवीच्या आधी किंवा नंतर, महिनाभर एखाद्या दूध मंडळीच्या मंत्र्याशेजारी, म्हणजे तिच्या सचिवाशेजारी, बसा. पहाटेची रांग, फॅट कमी आल्यावरची तक्रार, ती तो कशी निभावतो, हे पुस्तकात मिळत नाही.

नोकरी स्वीकारण्याआधी तीन कागद मागा. गेल्या वार्षिक सभेचं हजेरीपत्रक, गेल्या वर्षी व्यवहार केलेल्या सभासदांची यादी, आणि संचालकांची मुदत कधी संपते ते. मुदत कायद्याने एक ते पाच वर्षांची असते. निवडणुकीची तारीख पुढे पुढे ढकलली जात असेल तर कारण विचारा. कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा. आणि यादी अगदी लहान निघाली, पण त्यांनी ती खरी दिली, तर बेलाशक जा. त्या यादीत नसलेल्या घरांपासून सुरुवात करा: आधी ज्यांनी व्यवहार केला होता आणि मग थांबवला, त्यांच्याकडे. ते का थांबले हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि बहुतेकांना ते आजवर कोणी विचारलेलं नसतं.