पडौकचं टेबल: रंधा हाती घेण्याआधी

बसून काम करायचं टेबल स्वतः बनवायचं तर सुरुवात खुर्चीपासून करा. ज्या खुर्चीत रोज बसणार तीतच बसा, पाय जमिनीला टेकवा, कोपर काटकोनात धरा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या; टेबलाची उंची त्यावरून ठरवा. बाजारातली टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. सव्वापाच फुटांच्या माणसाला ती उंच पडतात आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. लांबी ५ फूट आणि खोली ३० इंच पुरे. त्या मापाचा जाड पुठ्ठा जुन्या टेबलावर टाकून आठवडाभर काम करून बघा. वायरींचं भोक कुठे हवं ते तेव्हाच कळतं.

मग लाकूड. टॉपला आफ्रिकन पडौक आणि पायांना वेंगे, ही आफ्रिकेतल्या दोन कठीण लाकडांची जोडी मला फार आवडते. पडौक ताजं कापलं की केशरी-लाल दिसतं, पण उजेडाने ते हळूहळू तपकिरी होत जातं. म्हणून वखारीतून एक तुकडा मागून आणा, अर्ध्यावर पुठ्ठा बांधून खिडकीत ठेवा आणि महिन्याभराने बघा. उघड्या बाजूचा रंग मनाला पटला तरच पुढे जा, कारण पुढची कितीतरी वर्षं तोच रंग समोर असणार आहे.

हिशेब घनफुटात होतो. सव्वा इंच टॉपसाठी दीड इंची फळी घ्यावी लागते, म्हणजे दीड घनफुटाच्या थोडं वर. तुकडे-ताकडे धरून २ घनफूट सांगा. बिल घ्याच आणि जपून ठेवा: आफ्रिकन पडौक २०२३ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे. लाकूड किंवा टेबल पुढेमागे परदेशी न्यायचं झालं तर कागद मागितले जाऊ शकतात.

फळ्या आणल्या की लगेच कापू नका. ज्या खोलीत टेबल राहणार तिथेच, मध्ये पट्ट्या घालून, तीन-चार आठवडे रचून ठेवा. मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र) १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला की समजा लाकूड घरात रुळलं. तरीही ३० इंच रुंदीचा टॉप उन्हाळा ते पावसाळा सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हलतोच. माझ्या पहिल्या टेबलाचा टॉप मी चारी बाजूंनी करकचून आवळला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध चीर गेली, आणि ती फळी मी आजही टाकलेली नाही. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट हवीत, हे आराखड्यातच लिहून ठेवा.

टेबल हलकं, आधुनिक दिसायला हवं असेल तर टॉपची कड खालून तिरपी रंधा. जाडी तशीच राहते, डोळ्याला मात्र पातळ वाटते. ड्रॉवर एकच, उथळ.

मास्क चांगला घ्या, फडकं बांधून भागत नाही. दोन्ही लाकडांची धूळ त्रासदायक असते, आणि वेंगेची कुसळं बोटात गेली की चिघळतात. पडौकची केशरी धूळ वेंगेच्या उघड्या रंध्रांत बसते, म्हणून पाय आधी घासून, तेल लावून, वेगळ्या खोलीत ठेवा.

गोंदाच्या आदल्या दिवशी सगळं कोरडंच जुळवून क्लॅम्प लावून पाहा. दुसऱ्या दिवशी पडौकच्या सांध्याच्या कडा असेटोनने पुसा. फडकं लगेच केशरी होईल. वेंगेकडे वळताना दुसरं घ्या.