१९२९च्या जागतिक महामंदीची कारणे आणि परिणाम कसे अभ्यासावेत

महामंदीविषयी लिहिताना बहुतेक विद्यार्थी २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला येथून आरंभ करतात आणि पुढचे सारे त्या घसरणीचे फळ म्हणून मांडतात. ही मांडणी अपुरी आहे. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये तोच बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक घसरला, तरी महामंदी आली नाही. म्हणून आधी असे विचारावे, की १९२९च्या घसरणीची महामंदी कशामुळे झाली?

त्यासाठी घटना तारखांच्या क्रमाने लिहून काढाव्यात. जून १९३०मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयातशुल्क वाढवले. त्या वर्षअखेरीस तेथील बँका मोठ्या संख्येने बुडू लागल्या. मे १९३१मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट ही मोठी बँक कोलमडली. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्ण परिमाण, म्हणजे चलनाचे मूल्य सोन्याच्या ठरावीक वजनाशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडले. मार्च १९३३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सत्तेवर येताच देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या. हा क्रम पाहिला की संकटाचा सर्वांत भीषण काळ बाजार कोसळल्यानंतर वर्षभराने सुरू झाला, हे ध्यानात येते.

आता निमित्त, पूर्वस्थिती आणि प्रसार यांची कारणे वेगळी करावीत. बाजाराची घसरण हे निमित्त. थोडी रक्कम स्वतः भरून उरलेली कर्जाने उभारून शेअर घेण्याची चाल, शेतमालाचे आधीच उतरू लागलेले भाव आणि अमेरिकी कर्जावर उभी असलेली जर्मनीची पहिल्या महायुद्धाची भरपाई ही पूर्वस्थिती. प्रसाराच्या कारणांवर मात्र सर्वाधिक वेळ द्यावा, कारण महामंदीचे मर्म तेथे आहे. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. तेव्हा ठेवींना सरकारी विमा नव्हता; त्यामुळे एक बँक बुडाल्याची वार्ता येताच दुसऱ्या बँकेचे ठेवीदार दाराशी रांग लावत, बँका कर्जे देणे थांबवून जुनी वसूल करत, आणि देशातील एकूण पैसा सुमारे एक तृतीयांशाने घटला. मध्यवर्ती बँकेने पैसा पुरवून ही घट रोखायला हवी होती. तिने ते केले नाही, आणि माझ्या मते हीच त्या काळातील सर्वांत मोठी चूक होती. सुवर्ण परिमाणाने हे संकट देशोदेशी नेले, कारण सोने बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक देश मंदीतही व्याजदर चढे ठेवत होता. या निष्कर्षाची परीक्षाही घेता येते: १९३१मध्ये सुवर्ण परिमाण सोडणारे ब्रिटन आणि स्वीडन लवकर सावरू लागले, तर १९३६पर्यंत त्याला धरून बसलेला फ्रान्स मागे राहिला.

परिणाम पाहताना केवळ बेकारीचा आकडा देऊन थांबू नये. १९३३मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता, जर्मनीत १९३२च्या आरंभी बेकारांची संख्या ६० लाखांवर पोहोचली आणि त्या हताशेने हिटलरच्या पक्षाची मते वाढवली, हे खरेच आहे. परंतु भाव पडल्यावर कर्जाचे काय होते, हेही तपासावे. समजा, शेतकऱ्याला हप्ता फेडण्यासाठी दहा मण कापूस विकावा लागत होता. भाव निम्मा झाला की तोच हप्ता वीस मणांचा होतो, पण शेत तर वाढत नाही.

भारतातील परिणाम समजून घेण्याची किल्ली हीच आहे. येथे शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण शेतसारा आणि सावकाराचे देणे रोख रुपयांतच राहिले. त्यातच सरकारने १९२७मध्ये रुपयाचा दर १८ ब्रिटिश पेन्स ठरवला होता. मुंबईचे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगाचे सदस्य या नात्याने भिन्नमत नोंदवून १६ पेन्सचा आग्रह धरला होता, कारण चढ्या दरामुळे निर्यातदाराच्या हाती कमी रुपये पडतात. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही, आणि मंदीतही दर तोच राहिला.

ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडल्यावर रुपया स्टर्लिंगशीच, म्हणजे ब्रिटिश पौंडाशीच, बांधलेला राहिला; पौंड सोन्याच्या तुलनेत उतरल्याने सोन्याचा रुपयांतील भाव चढला आणि गावोगावचे दागिने मोडून सोने मुंबई बंदरातून लंडनकडे जाऊ लागले. या निर्यातीचे आकडे वाचताना सावध राहावे. निर्यातीच्या रकमेमुळे भारताचा परदेशी हिशेब सुस्थितीत दिसतो आणि सरकारच्या लंडनमधील देण्यांची सोय झालेली दिसते. काहींनी चढ्या भावाचा लाभ घेण्यासाठीही सोने विकले असेल. तरी त्या सोन्याचा मोठा भाग साऱ्यासाठी आणि व्याजासाठी मोडलेल्या दागिन्यांचा होता. म्हणून हे आकडे एकटे न वाचता त्याच वर्षांचे शेतमालाचे भाव आणि साऱ्याची वसुली शेजारी ठेवून वाचावेत.