गेट: कळलं होतं, वळलं नव्हतं

गेट म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा. पहिल्या गेटला मला १०० पैकी ३१.३३ गुण मिळाले. सिव्हिलचा त्या वर्षीचा कटऑफ त्याच्या खालीच होता, त्यामुळे स्कोअरकार्डावर 'क्वालिफाइड' आलं आणि अण्णांनी दुकानात पेढे वाटले. मी दोन दिवस गप्पच. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पास झालीस ना गं? मग तोंड असं का?"

"पास आहे अण्णा, पण ह्या मार्कांवर कुठं काही मिळत नाही."

"मग पास कशाला म्हणतात?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही नीट उत्तर नाही. ओपनचा कटऑफ २५ गुण किंवा सगळ्यांच्या गुणांची सरासरी अधिक एक स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), यातला जो आकडा मोठा तो. एवढं ओलांडलं की गेटच्या हजारांपैकी ३५० च्या आसपास स्कोअर मिळतो. आयआयटी किंवा चांगल्या एनआयटीत मनासारखी शाखा हवी असेल, तर खरी स्पर्धा त्याच्या बरीच वर सुरू होते. म्हणून कुणी 'गेट क्वालिफाय आहे' म्हणालं की मी आता स्कोअर विचारते.

तोपर्यंत माझा अभ्यास कसा होता, ते सांगते. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. तिथली अभ्यासिका महिना सहाशे रुपये, सकाळी सातला खुर्ची पकडली तर पंख्याखालची. आजूबाजूला बहुतेक एमपीएससीवाले, मी एकटी गेटवाली. एका क्लासची ऑनलाइन बॅच घेतलेली. व्हिडिओ दीडपट वेगानं बघायचे, चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढायच्या. सॉइल मेकॅनिक्सची माझी वही बघून शेजारचा पोलीस भरतीवाला म्हणाला होता, "ताई, ही वही छापून विका." त्या वहीचा मला अभिमान होता. आता ती माळ्यावर आहे.

पेपर झाल्यावर काही दिवसांनी गेटच्या पोर्टलवर आपली रिस्पॉन्स शीट आणि उत्तरसूची येते. बहुतेक जण घाईघाईनं मार्क मोजतात आणि शीट बंद करतात. माझंही तसंच. निकालानंतर मात्र ती पुन्हा उघडली आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनच शेरे लिहिले: 'माहीतच नव्हतं', 'अंदाज मारला', 'येत होतं'. तिसऱ्या शेऱ्याचे प्रश्न भरले अकरा. त्यांचे गुण होते १९. नुसते तेवढे जरी बरोबर आले असते, तरी पन्नाशी गाठली असती.

त्यातला एक प्रश्न अजून डोळ्यांपुढे आहे. चिकणमातीचा थर, वर वाळू, खाली वाळू. ९० टक्के कन्सॉलिडेशनला (दाबाखाली पाणी निघून माती दबायला) किती काळ लागेल? टाइम फॅक्टर ०.८४८ पाठ, सूत्रही पाठ. थराची जाडी घातली, वर्ग केला, भागाकार केला, उत्तर टाकलं. थराला वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असेल तर पाणी दोन्हीकडून निघतं, म्हणून निचऱ्याची वाट निम्म्या जाडीची धरायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या सुंदर वहीत लाल चौकटीत लिहिलेलं होतं. पेपरात मी पूर्ण जाडी घातली. सूत्रात वर्ग असल्यामुळे उत्तर चौपट आलं. न्यूमेरिकल प्रश्न, त्यामुळे समोर चार पर्यायही नाहीत, की 'आपलं उत्तर यात नाही, कुठंतरी गफलत झाली' म्हणून हात थांबावा. दोन गुण गेले.

आजी म्हणायची, कळतं पण वळत नाही. तेच झालं होतं माझं. व्हिडिओत सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा प्रत्येक पायरी कळते. पण गणित त्यांच्या हातानं सुटलेलं असतं, आपल्या नव्हे.

म्हणून दुसऱ्या वर्षी व्हिडिओ निम्म्याहून कमी केले. जो विषय खरंच डोक्यात नव्हता (माझ्या बाबतीत ओपन चॅनल फ्लो आणि थोडं स्ट्रक्चर्स) तेवढ्यापुरतेच बघायचे. त्यासाठी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमाची आयआयटीतली लेक्चर्स फुकट आहेत आणि संथ असली तरी पाया पक्का करतात. बघून झालं की लॅपटॉप बंद, कोरा कागद समोर, आणि तेच गणित पहिल्यापासून स्वतः. सुरुवातीला दहा गणितांतली सहा अडायची. चिडचिड व्हायची, कारण व्हिडिओ बघताना जे हुशार वाटण्याचं सुख असतं ते यात अजिबात नाही.

मागच्या वर्षांचे पेपर फुकट मिळतात. मी दहा-बारा वर्षांचे विषयवार सोडवले, दोनदा. पहिल्यांदा चुकलेल्या गणिताचं उत्तर वहीत उतरवायचं नाही, फक्त एक ओळ: 'निचरा दोन्हीकडून आहे हे वाचलंच नाही', 'युनिट वेट बुडालेल्या मातीचं घ्यायचं होतं', 'मिलिमीटरचे मीटर केले नाहीत'. नोव्हेंबरात ही ओळींची वही वाचली आणि हसूच आलं. साधारण दीडशे ओळी, पण चुकांचे प्रकार सात-आठच. मिलिमीटर-मीटर एकट्यानं वीस ठिकाणी. त्यानंतर गणित सुरू करण्याआधी सगळी एककं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एकदा लिहायची सवय लावली. हा एक उपाय क्लासच्या पूर्ण फीपेक्षा जास्त कामी आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कॅल्क्युलेटर. गेटला स्वतःचा चालत नाही. स्क्रीनवर एक व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर असतो, तो माउसनंच चालवायचा, कीबोर्ड बंद. फंक्शनची सवयही उलटी: आधी ३० दाबायचं, मग साइन. कॉलेजात चार वर्षं आपण उलट शिकलेलो असतो. डिग्री आणि रेडियनचं बटण वेगळं, तिकडे एकदा तरी नजर टाकायची. पहिल्या वर्षी मी हा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाहिला. दुसऱ्या वर्षी जुना कॅसिओ डिप्लोमाला असलेल्या मामेभावाला देऊन टाकला आणि पहिल्या दिवसापासून सगळी गणितं लॅपटॉपवरच्या त्या व्हर्च्युअल खेळण्यावर केली. महिनाभर जीव गेला. मग हात बसला. लांबलचक कंस एका दमात टाकायचे नाहीत, तुकड्यातुकड्यानं उत्तर काढून मधली संख्या कागदावर टिपायची, हे तिथेच कळलं.

पेपरची रचना एकदा समजून घ्या, कारण वेळेचं सगळं गणित त्यावर आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यात जनरल अॅप्टिट्यूडचे १० प्रश्न, १५ गुणांचे. सिव्हिलमध्ये इंजिनिअरिंग मॅथ्स साधारण १३ गुणांचं. म्हणजे २८ गुण असे की ज्यांना तुमचा सिव्हिलचा अभ्यास लागतच नाही. पहिल्या वर्षी अॅप्टिट्यूड मी 'हे काय, येईलच' म्हणून सोडलं होतं. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि गेटचा पेपर पूर्ण इंग्रजीत. तिथल्या शब्दांच्या दोन प्रश्नांनीच मला आपटलं. पुढे रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं फक्त अॅप्टिट्यूड, त्यापेक्षा जास्त नाही.

'गेटमध्ये अंदाज कधीच मारू नये' असं सगळे सांगतात. ते पूर्ण खरं नाही, आणि हे इंजिनिअरनं इंजिनिअरला हिशोब करून सांगायला हवं. चार पर्यायांच्या एक गुणाच्या प्रश्नात चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, दोन गुणांच्यात दोन तृतीयांश. डोळे मिटून टिक केलं तर चारात एकदा १ मिळणार आणि तीनदा मिळून १ जाणार, सरासरी शून्य. फायदा नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय खात्रीनं खोडता आला, तर उरलेल्या तिघांत सरासरी प्रत्येक प्रश्नाला नवमांश गुण पदरात पडतो. दोन खोडता आले तर एक तृतीयांश. मग ते सोडायचे कशाला? अट एकच, खोडणं खरं हवं, 'वाटतंय' नको. आणि न्यूमेरिकल तसंच एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न (हा प्रकार २०२१ पासून आला) यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा ते कोरे ठेवायचं काहीच कारण नाही. मात्र दुसऱ्या प्रकारात अर्धवट उत्तराला अर्धे गुणही नाहीत.

स्क्रीनबद्दल एक गोष्ट. उत्तर निवडलं आणि उजवीकडच्या पट्टीतून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर आधीचं उत्तर जतन होत नाही. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबावंच लागतं. मी हे मॉक टेस्टमध्ये शिकले, म्हणून वाचले. पहिल्या मॉकला सोडवलेले चार प्रश्न कोरे दिसले तेव्हा वाटलं संगणकच बिघडला.

मॉक किती द्यावेत यावर मुलं वाद घालतात. मी बाराच दिले, पण सुरुवातीचे सगळे सकाळी साडेनऊला, कारण गेटचं सकाळचं सत्र साडेनऊ ते साडेबाराचं असतं. साडेअकराच्या सुमारास माझं डोकं हमखास जड व्हायचं, हे तेव्हाच लक्षात आलं. म्हणून तोवर लांब गणितं उरकायची आणि शेवटचा तास छोट्या प्रश्नांना, असं ठरवलं. प्रत्यक्षात मला सत्र मिळालं दुपारचं. सिव्हिल अलीकडे दोन सत्रांत होतं आणि गुणांचं नॉर्मलायझेशन करतात, म्हणजे दोन्ही पेपरांचे गुण एका पातळीवर आणतात. निवड आपल्या हातात नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत दुपारी अडीचला मॉक द्यायला लागले. अभ्यासिकेत त्या वेळी अर्धी जनता बाकावर डोकं टेकून झोपलेली असते.

दुसऱ्या वेळी ५७ मिळाले.

त्यापुढचं कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. स्कोअर तीन वर्षं चालतो, पण प्रवेश आपोआप होत नाही. आयआयटींसाठी कोॲपवर (सगळ्या ऑफर जिथे येतात त्या सामाईक पोर्टलवर) नोंदणी करायचीच, शिवाय प्रत्येक आयआयटीच्या पोर्टलवर वेगळा अर्ज. नुसतं कोॲप भरून ऑफरची वाट बघत बसलेली दोन मुलं मला माहीत आहेत. एनआयटींसाठी सीसीएमटी, म्हणजे एम.टेक. प्रवेशाचं केंद्रीय कौन्सेलिंग. मला तिथूनच नागपूरच्या एनआयटीत प्रवेश मिळाला. एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात, त्याबदल्यात आठवड्याला आठ तास लॅबचं नाहीतर वर्गाचं काम.

आणि दाखले. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअर होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. एनटी, एसईबीसी हे आपल्या राज्यातले प्रवर्ग तिथे त्या नावानं नाहीतच, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ती यादी स्वतः बघा. प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षातला दाखला मागतात, म्हणजे आधीपासून काढून ठेवायचीही सोय नाही. एक एप्रिल उजाडला की लगेच सेतू केंद्र गाठा, आधीच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर न्या. मी मेमध्ये गेले. पुढे बारावीची पोरं, आयटीआयची पोरं, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचं डोमिसाइल, आणि रांग बाहेर रसवंतीपर्यंत.