कोकणात ग्रॅव्हल बाईकवर निघालात? या चुका टाळा

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं धरून लोक रत्नागिरी जिल्ह्यात ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली, घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या थांब्यावर सायकल टेकवून बसतात. कोकणची जमीनच तशी आहे. गाव खाली खाडीकाठी, नारळी-पोफळीत. वर सडा, म्हणजे जांभ्याच्या लाल दगडाचं उघडं पठार. सडा संपला की पुन्हा उतार, पुन्हा खाडी. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जा. समुद्रसपाटीपासून फार उंच तुम्ही कुठेच जात नाही, पण तेवढीच उंची दिवसातून अनेकदा चढता. कुंभार्ली घाट एकदा चढला की संपतो. हे संपत नाही.

म्हणून बेत आखताना किलोमीटर नंतर बघा, आधी एकूण चढाई बघा. दर 10 किलोमीटरला 150-200 मीटर चढाई धरलीत तर अंदाज फारसा चुकणार नाही. डांबरी रस्त्यावर दिवसाला 100 किलोमीटर सहज मारणाऱ्याने इथे 50-60 वर थांबावं. गिअरचंही तेच. घाटरस्ते एसटीसाठी आखलेले असल्यामुळे त्यांचा चढ बेताचा असतो. वाडीतला काँक्रीटचा रस्ता मात्र सरळ उभा चढतो. पुढे 40 दात्यांची चकती आणि मागे सर्वात मोठी 34 ची, हे सामान लादलेल्या सायकलला पुरत नाही. मागे 42 तरी हवी, किंवा पुढे 30 ची छोटी चकती.

नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता नव्हे

सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात. फोनवर मार्ग आखणारं ॲप दोन वाड्यांमधली तुटक रेघ पकडतं आणि म्हणतं, इकडून चार किलोमीटर वाचतील. तिथे पोचल्यावर कळतं की ती पाखाडी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, आणि मधे चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांच्या पायऱ्या. सायकल खांद्यावर घ्या आणि चढा. दुसरा फसवा प्रकार म्हणजे साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. नकाशात पूल दिसतो, प्रत्यक्षात व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, माणूसभर रुंदीचा साकव असतो, आणि पावसाळ्यानंतर तोही जागेवर असेलच असं नाही. तिसरा प्रकार चिरेखाणींचा. सड्यावर ट्रकने पाडलेले लाल रस्ते उपग्रहचित्रात फार सुरेख दिसतात, पण त्यातले बरेच खाणीच्या तोंडाशी संपतात. बंद खाणीला कठडा नसतो, कडा सरळ खाली तुटलेली असते. अंधार पडल्यावर अनोळखी सड्यावर सायकल चालवूच नका.

यावरचा उपाय ॲपमध्ये नाही, प्रश्नात आहे. गावात शिरून "पुढे रस्ता आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे की!" असंच येणार, कारण विचारलेला माणूस त्या वाटेने रोज चालत जातो. त्याऐवजी विचारा, "काका, एसटी जाते का तिकडे?" एसटी जात असेल तर डांबरी आहे. एसटी नाही पण रिक्षा जाते, असं म्हणाले तर खूश व्हा. मुरूम आणि खडीचा तो रस्ता ग्रॅव्हल बाईकसाठीच केल्यासारखा असतो. "टूव्हीलर जाते" म्हणाले तर मधेमधे उतरून ढकलायची तयारी ठेवा. आणि हसले, तर मुकाट्याने मागे वळा.

सड्यावर जाताना आणखी एक भान हवं. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. त्यातली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे यांसारखी काही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. काहींभोवती चिऱ्यांचं कुंपण आहे, पण सगळीच कुंपणात नाहीत, आणि गवत वाढलं की रेषा दिसत नाहीत. मोकळा कातळ दिसला म्हणून वाट सोडून वाटेल तिथे चाकं घालायची नाहीत.

भरती न बघता पुळणीवर उतरणे

किनाऱ्यावर सायकल चालवायची हौस प्रत्येकाला असते आणि बहुतेक जण भर भरतीला उतरतात. मग मऊ वाळूत चाक रुततं आणि दोष टायरच्या रुंदीवर येतो. घट्ट वाळू मिळते ती ओहोटीला, पाणी नुकतंच सरकून गेलेल्या पट्ट्यात. वेळ काढायची कोळ्यांची जुनी रीत अजून उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता, उन्हाचा नुसता मारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ती पहाटे आणि संध्याकाळी येते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब जातं. सायकलसाठी हेच दिवस निवडा. वेळास, आंजर्ल्याला कासवांच्या विणीच्या हंगामात मात्र वरच्या कोरड्या वाळूत शिरू नका. घरटी तिथेच असतात.

फेरीबोटीचंही वेळापत्रक आधी बघून ठेवा. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले आणि तवसाळ-जयगड या बोटींवर सायकल सहज चढते. पण दाभोळची शेवटची बोट चुकली, तर पलीकडे दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा. तो सायकलवर संध्याकाळनंतर कोणी घालत नाही.

पंक्चर झालं तर आधी भोक वाचा

नवीन ट्यूब घालून घाईने निघू नका. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि चिऱ्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेचली गेली. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि तो बहुधा अजून टायरमध्येच आहे. आतून कापड फिरवून शोधा. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. ती नीट केल्याशिवाय दहा ट्यूबा घातल्यात तरी त्या जाणार. घाट चढून देशावर जाणार असाल तर सराट्याच्या काट्यांशी गाठ आहे, तिथे ट्यूबलेसला, म्हणजे ट्यूबशिवायच्या टायरला, पर्याय नाही. पण त्यातलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं. निघण्यापूर्वी चाक काढून कानाशी हलवा, आत पाणी हलल्याचा आवाज आला पाहिजे.

हवा किती? 70 किलोच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये 35 पीएसआयच्या आसपास, ट्यूब असेल तर पाच-सात जास्त. परदेशी व्हिडिओ बघून 25 वर उतरू नका. तिकडची गोल खडी आणि आपला धारदार जांभा यांत फरक आहे. प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीच्या व्हॉल्व्हची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळणं कठीण, पण पितळेचं छोटं अडॅप्टर जवळ असलं की टूव्हीलरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

ब्रेक, साखळी आणि मीठ

खाडीकडे उतरताना लोक दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवतात. डिस्क तापते, पॅड चकाकतात, मग ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. वळणापूर्वी जोरात दाबा, वेग मोडा, सोडून द्या. एवढं करूनही आवाज येत राहिला तर बहुतेक वेळा साखळीचं तेल डिस्कवर उडालेलं असतं.

साखळीला घट्ट तेल लावलंत की जांभ्याची लाल धूळ त्यात बसून पॉलिश पेपरचं काम करते. कोरड्या दिवसांत पातळ किंवा मेणाचं वंगण पुरतं. पुळणीवरून आल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकल धुवा आणि साखळी पुसून वंगण लावा, नाहीतर सकाळी ती तांबडी झालेली असते. सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा फवारा मात्र बेअरिंगवर मारून घेऊ नका, मीठ आणि वाळू आणखी आत जाते.

आता एक दुखणं, जे रस्त्यावर दिसतं पण होतं बसच्या डिकीत. सायकल उजव्या कुशीवर आडवी टाकली, वर बॅगा आल्या की डिरेलरचा, म्हणजे मागे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, हँगर वाकतो. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारी धातूची छोटी पट्टी. मग गिअर आपोआप उड्या मारतात. लोक केबल पिळत बसतात, आणि एखाद्या चढावर सर्वात मोठ्या चकतीवर साखळी टाकली की डिरेलर थेट आऱ्यांत जातो. सायकल उतरवल्यावर मागे उभं राहून बघा. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या वरच्या चकतीच्या सरळ खाली एका रेषेत दिसल्या पाहिजेत. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, चिपळुणातच काय, पुण्यातही ऐनवेळी मिळत नाही. एक जादा घेऊन ठेवा. आणि डिकीत सायकल ठेवायला दुसऱ्या कोणाला देऊ नका, स्वतः आत वाकून डाव्या कुशीवर ठेवा.