फ्लेक्शन, ॲबडक्शन, प्रोनेशन: हालचालींची नावं स्वतःच्या अंगावर कशी ओळखावीत

फिजिओथेरपिस्टने दिलेल्या कागदावर 'नी एक्स्टेन्शन', 'शोल्डर ॲबडक्शन' असं लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर नेमकं काय हलवायचं तेच आठवत नाही. नावं पाठ करत बसू नका, उठून करून बघा.

आधी ताठ उभं राहा. पाय जवळ, नजर समोर, हात अंगालगत आणि तळवे पुढे. जरा अवघडल्यासारखं वाटेल, पण शरीरशास्त्रात हीच मूळ स्थिती. तुम्ही आडवे झालेले असलात तरी नावं इथूनच ठरतात.

आता कोपर वाकवा. सांध्यातला कोन कमी झाला, म्हणजे फ्लेक्शन. सरळ केलं की एक्स्टेन्शन. खांद्यातून हात किंवा खुब्यातून मांडी पुढे उचलली तरी फ्लेक्शनच. गुडघा मात्र वाकताना टाच मागे नेतो, तरी तेही फ्लेक्शनच, आणि इथेच बरेच जण फसतात. सूर्यनमस्कारात हात वर नेऊन मागे झुकतो ते कण्याचं एक्स्टेन्शन, हस्तपादासनात खुब्यातून वाकतो ते फ्लेक्शन.

हात बाजूने वर कानापर्यंत न्या: अंगाच्या मध्यरेषेपासून दूर, म्हणजे ॲबडक्शन. खाली आणा: ॲडक्शन. ऐकताना घोटाळा होतो, म्हणून डॉक्टरही कधीकधी 'ए-बी-डक्शन' असं सुटं सुटं बोलतात. हाताची बोटं फाकवताना मधलं बोट मध्य धरतात; पायात अंगठ्याशेजारचं.

सगळ्यात गंमत कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात आहे. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा, नाहीतर खांदाच फिरेल. तळवा वर केला की सुपिनेशन, खाली केला की प्रोनेशन. प्रोनेशनमध्ये करंगळीकडचं हाड, अल्ना, जवळपास जागेवरच राहतं आणि अंगठ्याकडचं रेडियस त्याला ओलांडून तिरपं होतं. दुसऱ्या हाताने दंडाचा पुढचा भाग धरून उजव्या हाताने घट्ट स्क्रू आवळा. बायसेप्स टणक लागेल, कारण आवळणं म्हणजे सुपिनेशन.

घोट्याची नावं लांबलचक, काम सोपं. पाऊल नडगीकडे ओढणं डॉर्सिफ्लेक्शन, चवड्यांवर उभं राहणं प्लांटारफ्लेक्शन. तळपाय आत वळला तर इन्व्हर्जन, बाहेर वळला तर इव्हर्जन. पाय मुरगळतो तो बहुतेकदा इन्व्हर्जनमध्ये, म्हणून बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे) दुखावतात. नंतरच्या व्यायामात 'अँकल इव्हर्जन' लिहून दिलं असेल, तर खुर्चीवर बसून टाच जमिनीला टेकवा आणि पावलाची करंगळीकडची कड वर उचला. गुडघा हलू द्यायचा नाही.