काळ्या केसांना घरच्या घरी झगझगीत रंग कसा द्यावा

निळा, गुलाबी, जांभळा, मोरपंखी असे रंग काळ्या केसांवर थेट लावले तर उन्हात जेमतेम छटा दिसते आणि घरात आलं की तीही नाही. हे रंग पारदर्शक असतात, खालचा काळा झाकायची ताकद त्यांच्यात नसते. म्हणून केस आधी फिके करावे लागतात आणि खरी जोखीम त्या कामात आहे. रंग लावणं त्यामानाने सोपं. या लेखात ब्लीचवर जास्त लिहिलंय ते त्यासाठीच. घाई असली तरी तो भाग गाळू नका.

केसांना आधी काय काय लावलंय?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे लांब केसांच्या टोकांवर तीन वर्षांपूर्वीची मेहंदीसुद्धा अजून असू शकते. शुद्ध मेहंदी ब्लीचने पूर्ण निघत नाही, तिची केशरी छटा मागे राहते. तिच्यावर इंडिगो पावडर लावलेली असेल तर केस हिरवट पडू शकतात. सगळ्यात जास्त भीती 'काळी मेहंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पाकिटांची, ज्यांच्यावर आत काय आहे ते नीट छापलेलंच नसतं. त्यातल्या काहींमध्ये धातूंचे क्षार असतात. ब्लीचमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की मिश्रण तापतं आणि केस जळतात.

यावर उपाय एकच: मानेजवळची, आतल्या थरातली, पेन्सिलीहून बारीक बट कापून घ्या, एका टोकाला दोरा बांधा आणि तयार ब्लीचमध्ये बुडवून ठेवा. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत आम्ही हे केलं होतं. तिचं म्हणणं होतं, "अगं, साधी मेहंदी होती, दोन वर्षं झाली." थोड्याच वेळात प्लॅस्टिकची वाटी हाताला गरम लागायला लागली आणि बट धुवायला घेतली तर बोटांत नुसता लगदा आला. तिने तेवढे केस वाढून कापले जाईपर्यंत ब्लीचचं नाव काढलं नाही, आणि तेच बरोबर होतं. या चाचणीत केस किती वेळात किती फिके होतात तेही कळतं, म्हणून मेहंदी कधीच लावली नसेल तरी ती करा.

सोबत त्वचेची चाचणीही हवीच. रंगाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास थांबा. खाज, पुरळ, सूज यातलं काहीही आलं तर तो रंग वापरायचा नाही. पूर्वी काळ्या डायची किंवा काळ्या मेहंदीची ॲलर्जी आली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. टाळूवर जखम किंवा ओरखडे असतील तर ते भरेपर्यंत सगळं पुढे ढकला. दमा असलेल्यांनी ब्लीच पावडरपासून लांबच राहावं. तिच्यातली परसल्फेट्स श्वासाला त्रास देतात.

सामान

हेअर ब्लीच पावडर, २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (पावडरीत कालवायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण), सेमी-परमनंट रंग (धुता धुता हळूहळू उतरणारा), प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, डाय लावायचा ब्रश, शेपटीचा कंगवा, मोठे चिमटे, हातमोजे, व्हॅसलिन, शॉवर कॅप, जुना टॉवेल. वाटी, चमचा काहीही धातूचं नको. चिमटे-कंगवे पुण्यात तुळशीबागेच्या बाजारात मिळतील. ब्लीच आणि डेव्हलपर मात्र पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, सील आणि मुदतीची तारीख बघून. सुटं, डबीत भरून दिलेलं घेऊ नका. चेहऱ्याचं ब्लीच किंवा कपड्यांचं ब्लीच केसांना लावायचं नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

डेव्हलपरवरचा आकडा महत्त्वाचा आहे. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. आकडा वाढला की काम लवकर होतं आणि केस व टाळू दोन्ही जास्त भाजतात. घरी २० च्या वर जाऊ नका.

ब्लीच

आदल्या दिवशी डोकं धुऊ नका. टाळूवरचं नैसर्गिक तेल थोडं संरक्षण देतं. आदल्या रात्री टोकांना हलकं खोबरेल तेल लावलं तर उत्तम, निथळेल इतकं नको. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलिन लावा.

पावडर आणि डेव्हलपर यांचं प्रमाण बहुधा एकास दोन असतं, पण तुमच्या पाकिटावर जे असेल तेच पाळा. मिश्रण दह्याइतकं दाट हवं. लागेल तेवढंच कालवा. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

कोरड्या केसांचे चार भाग करून चिमट्यांनी बांधा. मागून सुरुवात करा. टाळूपासून दोन बोटं जागा सोडून, बारीक बारीक थर घेऊन टोकापर्यंत ब्लीच लावा. मुळांना शेवटी. टाळूच्या उष्णतेने मुळं फार लवकर फिकी होतात, त्यामुळे आधी लावलं तर वर पिवळं आणि खाली तांबडं असे पट्टे दिसतात. आपल्याकडचे केस दाट असतात, म्हणून थर जाड घेतला तर आतले केस काळेच राहतात. मैत्रीण किंवा बहीण मदतीला असेल तर मागची बाजू तिच्याकडे सोपवा.

ब्लीच वाळलं की काम थांबतं, म्हणून वरून शॉवर कॅप घाला. ड्रायरची गरम हवा अजिबात देऊ नका. दर दहा मिनिटांनी एका बटेवरचं ब्लीच ओल्या फडक्याने पुसून रंग बघा. ओले केस आहेत त्यापेक्षा गडद दिसतात, हे लक्षात ठेवा. पाकिटावरची कमाल वेळ संपली की केस कुठल्याही टप्प्यावर असले तरी धुऊन टाका. हलकी चुणचुण होऊ शकते. आग व्हायला लागली तर वेळ बघायची नाही, लगेच धुवायचं.

काळे केस आधी तांबूस तपकिरी होतात, मग केशरी, मग पिवळट केशरी, मग पिवळे. पहिल्या बैठकीत बहुतेकांचे केस केशरीच्या आसपास येतात. त्यापुढे त्याच दिवशी दुसऱ्यांदा ब्लीच करायचा मोह होतो. तो आवरा. किमान दोन आठवडे जाऊ द्या. मधल्या काळात एक ओला केस बोटांत धरून ताणून बघा. तो थोडा लांबून परत मूळ लांबीवर आला तर ठीक. लांबतच जाऊन तुटला तर पुढचं ब्लीच रद्द.

कुठल्या टप्प्यावर कुठला रंग

केशरीवर गडद लाल, वाईन, तांबडा-केशरी हे छान बसतात. पिवळट केशरीवर गडद मजेंटा चालतो. स्वच्छ निळा, भडक गुलाबी किंवा लव्हेंडर हवा असेल तर केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिके व्हावे लागतात, आणि काळ्या केसांना ते एका बैठकीत जमत नाही. पिवळ्यावर निळा लावला की हिरवट दिसतो, म्हणून आधी जांभळ्या टोनरने पिवळेपणा मारावा लागतो. मोरपंखी किंवा हिरवा हवा असेल तर तोच पिवळा उपयोगी पडतो.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा आग्रह आहे की केशरीवर थांबा, लाल किंवा वाईन निवडा, आणि तोही मानेजवळच्या आतल्या थरालाच लावा. केस मोकळे सोडले की झाकला जातो, पोनी बांधली की दिसतो. ऑफिसात आणि घरी आजीसमोर काही सांगावं लागत नाही, आणि आवडला नाही तर थोडेच केस खराब होतात.

रंग लावणं

ब्लीच शाम्पूने नीट धुवा आणि कंडिशनर लावू नका, त्याच्या थरामुळे रंग कमी धरतो. केस कोरडे करा, हातमोजे घाला, रंग भरपूर घ्या आणि बोटांनी चोळून प्रत्येक बटेत मुरवा. सेमी-परमनंट रंगाला डेव्हलपर लागत नाही. फिकट छटा हवी असेल तर तो पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवा. वेळ पाकिटावर असते, बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास. नंतर गार पाण्याने, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. शाम्पू नको. पहिला शाम्पू तीन दिवसांनी.

पुण्यात रंग टिकवताना

खडकवासल्याचं नळाचं पाणी येत असेल तर विशेष अडचण नाही. वाघोली, पिसोळी, हिंजवडीकडे जिथे बोअरवेल किंवा टँकरवर भिस्त आहे तिथे क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात आणि रंग मळकट दिसतो. शेवटची तांब्याभर धार तरी फिल्टरच्या पाण्याची घ्या. आठवड्यातून दोनदाच डोकं धुवा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने. कंडिशनरमध्ये चमचाभर रंग मिसळून ठेवला तर छटा ताजी राहते. तेल जपून लावा, कारण ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि त्यात रंग जातो. पोहायला जात असाल तर केस आधी साध्या पाण्याने भिजवून टोपी घाला. क्लोरीनने रंग फार लवकर उतरतो.

दुचाकीवरचा स्कार्फ उन्हापासून केस वाचवतो, पण सुरुवातीचे काही दिवस गडद रंगाचा घ्या. घामाने रंग सुटतो आणि हेल्मेटच्या अस्तरालाही लागतो. ढोल-ताशा पथकात असाल तर गणपतीच्या तोंडावर ताजा रंग करू नका. मिरवणुकीत सर आली की पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर गुलाबी ओघळ उतरतात आणि ते धुऊन जातीलच असं नाही. निदान तीन-चार धुणी झालेली असू द्या.

मुळं काळी दिसायला लागली की पुन्हा ब्लीच करताना ते फक्त नव्याने वाढलेल्या काळ्या भागाला लावा. जुन्या फिक्या केसांवर ते चढलं तर नेमके त्याच रेषेवर केस तुटतात, म्हणून तिथून खाली आधी कंडिशनरचा जाड थर द्या आणि मगच ब्रश उचला.